घरची ओढ आणि सोबतीचे गाणे



गेल्या महिन्यात एका हिंदी पाठाचा मराठी अनुवाद करताना मी एका साध्या वाक्यापाशी अडले. परदेशात शिकणाऱ्या मुलाला घराची आठवण छळते, एवढाच त्या वाक्याचा आशय होता. 'आठवण येते' असे लिहिले तर ते फार हलके वाटत होते. 'घरची ओढ' हा शब्द बरा होता, पण त्यात दुखण्याचा भाग उतरत नव्हता. शेवटी मी आजीला विचारले. ती भाजी निवडत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "जीव रमत नाही, असं लिही. सगळ्यांना कळेल."

मी तसेच लिहिले. मात्र त्या दिवसापासून हा विषय मनातून गेला नाही. आज आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुलगा, मुलगी, सून किंवा जावई परदेशात आहे. जे गेले त्यांचा तिथे जीव रमत नाही आणि जे राहिले त्यांचा इथे. अशा वेळी आपण सर्वजण एकच उपाय करतो. आपण घरचे गाणे पाठवतो. आरती, भजन, ओवी, लहानपणीचे एखादे गीत. आपल्याला वाटते की ते ऐकून त्याला बरे वाटेल.

खरोखर बरे वाटते का? आजच्या पाठात आपण याच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत. तीन ठिकाणचे अनुभव पाहू, त्यांतून एक सूत्र शोधू आणि शेवटी आपल्याला काय करता येईल याचा विचार करू.

१. आमच्या घरातील प्रसंग

सुरुवात स्वतःच्या घरापासून करते, कारण चूक आमच्याकडूनच झाली होती.

आम्ही इंदूरला राहतो. माझा दादा दोन वर्षांपूर्वी पुढील शिक्षणासाठी जर्मनीला गेला. पहिले दोन महिने नव्या गोष्टींत गेले. मग हिवाळा आला. तिथे डिसेंबरात दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. तो फोनवर कमी बोलू लागला. आम्हाला काळजी वाटली. तेव्हा मी एक योजना आखली. रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर आजी जे काही गुणगुणते ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचे आणि दादाला पाठवायचे. आजीलाही उत्साह आला. ती आरती म्हणायची, एखादी जुनी ओवी म्हणायची. मी रोज न चुकता पाठवत होते. आपण किती चांगले काम करतो आहोत, असे मला वाटत होते.

तीन आठवड्यांनी दादाचा निरोप आला, "काही दिवस गाणी पाठवू नका."

मी तो निरोप आजीला वाचून दाखवला. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दिवा लावताना ती गुणगुणलीच नाही. मला दादाचा फार राग आला. एवढ्या लांब राहून माणूस इतका कोरडा होतो का, असे मी त्याला विचारलेसुद्धा. त्याचे उत्तर नंतर, बऱ्याच दिवसांनी आले. ते मी पुढे सांगेन. कारण ते समजायला मला आधी बरेच काही वाचावे लागले.

२. एका दुखण्याचे नाव

तीनशेहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. स्वित्झर्लंडमधील बाझल येथे योहानेस होफर नावाचा एक तरुण वैद्यकशास्त्र शिकत होता. १६८८ मध्ये त्याने एक प्रबंध लिहिला. विषय होता घरापासून दूर गेलेल्या माणसांना होणारे दुखणे. जर्मन बोलणारे लोक त्याला 'हाइमवे' म्हणत. हाइम म्हणजे घर आणि वे म्हणजे वेदना. होफरने त्यासाठी ग्रीक शब्द जोडून नवे नाव तयार केले, 'नॉस्टॅल्जिया'. त्यात घरी परतणे आणि दुखणे असे दोन अर्थ आहेत. आज हा शब्द आपण जुन्या गोड आठवणींसाठी सहज वापरतो. जन्माला आला तेव्हा मात्र ते एका आजाराचे नाव होते.

होफरने नोंदवलेली एक हकिकत लक्षात ठेवण्यासारखी आहे. बर्न शहरातील एक विद्यार्थी शिक्षणासाठी बाझलला आला होता. तो दिवसेंदिवस खिन्न होत गेला, त्याला ताप भरला आणि तो वाचेल अशी आशा उरली नाही. त्याला घरी पाठवायचे ठरले. प्रवासाची तयारी सुरू झाल्याचे कळताच त्याला थोडी हुशारी आली. शहर सोडून काही अंतर गेल्यावर तो अधिकच सुधारला आणि बर्नला पोहोचण्याआधीच बरा झाला.

ही दोन्ही शहरे एकाच देशात आहेत, हे इथे ध्यानात घ्या. दुखण्याला सातासमुद्रांचे अंतर लागत नाही. गावातून शहरातल्या वसतिगृहात आलेल्या मुलालाही ते होते. लग्न होऊन दुसऱ्या प्रांतात गेलेल्या मुलीलाही होते. म्हणून कुणी 'जीव रमत नाही' म्हटले तर 'एवढ्यात काय झाले, लोक तर अमेरिकेला जातात' असे म्हणू नये. दुखणे खरे असते.

३. बंदी घातलेली धून

आता गाण्याकडे वळू. त्या काळी स्वित्झर्लंडमधील अनेक तरुण परक्या राजांच्या सैन्यात पगारी शिपाई म्हणून जात. आल्प्स पर्वतातील कुरणांवर गुराखी आपल्या गायींना दूध काढण्यासाठी बोलावताना एक धून गात किंवा लांब लाकडी शिंगावर वाजवत. जर्मनमध्ये तिला 'कूरायेन' आणि फ्रेंचमध्ये 'रांझ दे वाश' म्हणतात. गायींना बोलावण्याची धून, एवढाच तिचा साधा उपयोग होता.

फ्रेंच भाषेत लिहिणारे विचारवंत झाँ-झाक रूसो यांचा संगीतकोश १७६८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी त्यात नोंदवले आहे की स्विस शिपायांसमोर ही धून वाजवण्यास मृत्युदंडाच्या धाकाने मनाई होती. ती ऐकली की शिपाई रडू लागत, सैन्य सोडून पळून जात किंवा झुरून मरत. आपल्या गावी परतण्याची इतकी तीव्र इच्छा ती धून जागी करी.

रूसो यांनी पुढे केलेला विचार आपल्या पाठाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ते म्हणतात की हा परिणाम त्या सुरांमध्ये शोधून सापडणार नाही. परक्या माणसावर त्या धुनेचा असा कोणताच परिणाम होत नाही. तो परिणाम सवयीतून येतो, त्या सुरांना चिकटलेल्या हजार आठवणींतून येतो. गावातले दिवस, तारुण्य, जुने सुख हे सर्व एकदम समोर उभे राहते आणि ते आता आपल्याजवळ नाही याचे दुःख होते. अशा वेळी संगीत हे संगीत राहत नाही. ते आठवणीची खूण होते.

हे वाचले तेव्हा मला दादाचा निरोप आठवला. मी त्याला रोज काय पाठवत होते? मला वाटत होते की मी गाणे पाठवते आहे. प्रत्यक्षात मी त्याला घरातली संध्याकाळ पाठवत होते. दिव्याचा उजेड, उदबत्तीचा वास, मागे वाजणारी कुकरची शिट्टी, सर्व काही त्या दोन मिनिटांत होते. आणि तो ते कुठे ऐकत होता? दिवसभराचे काम संपल्यावर, रात्री, खोलीचे दार लावून, पांघरुणात, कानात इअरफोन घालून. ऐकून झाल्यावर खोलीत पुन्हा शांतता. त्यानेच नंतर सांगितले, "गाणं सुरू असेपर्यंत मी घरी असायचो. संपलं की रोज नव्याने घर सोडल्यासारखं वाटायचं. मग जेवण करावंसं वाटायचं नाही. दोनदा सकाळचा तास बुडला."

मग घरच्या गाण्यावर बंदी घालावी का? स्विस शिपायांच्या बाबतीत वरिष्ठांना तसेच वाटले असे रूसो सांगतात. पण याच जगात काही माणसे अशीही होती ज्यांच्याकडे परतीची वाट जवळजवळ नव्हती, आणि त्यांना घरच्या गाण्यानेच तारले. आता त्यांच्याकडे पाहू.

४. गिरमिटियांची ढोलक

१८३४ पासून भारतातील मजुरांना ठरावीक वर्षांच्या कराराने ब्रिटिशांच्या आणि नंतर इतरांच्याही वसाहतींत उसाच्या मळ्यांवर नेले जाऊ लागले. करार बहुधा पाच वर्षांचा असे. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचे बोलीत 'गिरमिट' झाले आणि हे मजूर 'गिरमिटिया' म्हणून ओळखले गेले. बरेचसे बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागातील होते. काही तामीळ आणि तेलुगू प्रदेशांतून गेले आणि काही मुंबई बंदरातून आपल्या कोकणातूनही गेले. कितीतरी जणांना आपण नेमके कुठे चाललो आहोत याची कल्पना नव्हती.

मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई येथे 'आप्रवासी घाट' आहे. बोटीतून उतरलेले मजूर तिथल्या १६ दगडी पायऱ्या चढून वर येत. १८३४ ते १९२० या काळात जवळपास पाच लाख मजूर या बंदरात आले. २००६ मध्ये या घाटाला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. त्रिनिदादला जाणारे पहिले जहाज 'फातेल रझाक' १६ फेब्रुवारी १८४५ रोजी कोलकात्याहून निघाले आणि ३० मे रोजी पोहोचले. म्हणजे १०३ दिवस पाण्यावर. दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला पहिले जहाज, 'लल्ला रुख', ५ जून १८७३ रोजी पोहोचले. पुढे १९१६ पर्यंत सुमारे ३४ हजार माणसे तिथे गेली.

विचार करा, या माणसांजवळ घरची कोणती वस्तू होती? एखादे गाठोडे, एखादा लोटा, कुणाजवळ तुळशीदासांचे रामचरितमानस. ना फोन, ना छायाचित्र, ना आजीच्या आवाजाचे मुद्रण. घर फक्त त्यांच्या गळ्यात होते. ऐकायचे असेल तर स्वतः गावे लागत असे. आणि एकट्याने गाऊन ढोलक वाजत नाही. कुणीतरी ढोलक धरायची, कुणी टाळ, कुणी पुढची ओळ उचलायची.

जहाजावर एकत्र आलेल्या अनोळखी माणसांत एक नवे नाते तयार झाले. ते एकमेकांना 'जहाजी भाई' म्हणत. जात वेगळी, गाव वेगळे, काही वेळा भाषाही वेगळी. दिवसभर ऊस तोडून झाल्यावर रात्री मजुरांच्या वस्तीत मानसचे पारायण होई, भजने होत, बिरहा गायला जाई. 'बिरहा' म्हणजे आपलाच 'विरह' शब्द. त्यांच्या गाण्याचे नावच ताटातूट होते, तरीही ते गाणे त्यांना एकत्र बसवत होते.

सुरिनाममध्ये या बैठकींतून 'बैठक गाणा' नावाचा प्रकार रूढ झाला. त्यात एक पेटी, एक ढोलक आणि 'दंडताल' असतो. दंडताल म्हणजे लोखंडाची लांब कांब. घोड्याच्या नालेसारख्या वाकवलेल्या तुकड्याने ती वाजवतात. लग्न असो की बारसे, बैठक बसतेच. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाले त्या सुमारास तिथले हजारो हिंदुस्थानी नेदरलँडला स्थायिक झाले. त्यांनी बैठक गाणा सोबत नेला. आता गंमत पाहा. आजोबा-पणजोबांना बिहारची ओढ होती. या पिढीला सुरिनामची ओढ लागली. गाव बदलले, पण ओढ शमवण्यासाठी तीच ढोलक कामी आली.

मॉरिशसमध्ये लग्नाआधी भोजपुरी 'गीत-गवई' होते. पाच सुवासिनी हळद, तांदूळ, दूर्वा, नाणी कापडात घेऊन निवडतात आणि इतर बायका देवांची गाणी म्हणतात. मग वाद्यांची पूजा होते आणि जमलेले सारे गाण्यात-नाचण्यात सामील होतात. २०१६ मध्ये युनेस्कोने गीत-गवईचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. कोकणातून गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांनी तिथे गणेशोत्सव राखला. गणेश चतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते. गोल रिंगण करून नाचायची आपली जाखडीही तिथे टिकून आहे. रिंगण एकट्याने करता येत नाही, हे मुद्दाम सांगायला नकोच.

५. दोन्हींत फरक काय?

स्विस शिपाई आणि गिरमिटिया, दोघेही घरापासून दूर होते. दोघांनाही घरचे गाणे भेटले. मग एकाला ते सोसवले नाही आणि दुसऱ्याला त्याने उभे केले, असे का झाले?

माझ्या अभ्यासातून मला जे उमगले ते असे: एकट्याने कानात घेतलेले गाणे आपल्याला मागे ओढते, कारण त्याचे दुसरे टोक दूर घरी असते. सोबतीने गळ्यातून काढलेले गाणे आपल्याला जिथे आहोत तिथे बसवते, कारण त्याचे दुसरे टोक समोर बसलेल्या माणसाजवळ असते.

गाताना श्वास मोजावा लागतो, ताल सांभाळावा लागतो, पुढचे शब्द आठवावे लागतात आणि शेजारच्याकडे लक्ष ठेवावे लागते. हे सर्व आत्ताचे, इथले काम आहे. मन आठवणीत जाते खरे, पण तिथे अडकून पडत नाही. टाळी चुकली की समोरचा हसतो आणि आपण परत येतो.

याला अलीकडच्या संशोधनाचाही आधार आहे. इंग्लंडमध्ये प्रौढांसाठी चालणाऱ्या काही वर्गांचा ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी सात महिने अभ्यास केला. काही वर्ग गायनाचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेवटी सर्वच वर्गांतील लोकांची एकमेकांशी जवळीक झाली, पण गाणाऱ्यांची ती सर्वांत लवकर झाली. परक्या ठिकाणी नव्याने गेलेल्या माणसाला हेच तर हवे असते. अनोळखी माणसांतले पहिले अंतर लवकर कमी व्हावे.

६. आजीचे जाते

हे सर्व मी आजीला सांगितले. स्वित्झर्लंड, सुरिनाम, ऑक्सफर्ड. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "हे तर आम्ही जात्यावर करायचो."

आजीचे माहेर सातारा जिल्ह्यातील एका गावी. सतरा वर्षांची असताना लग्न होऊन ती इंदूरला आली. पिठाची गिरणी तेव्हा आली होती, पण डाळ घरीच भरडत. पहिले वर्षभर तिचा इथे जीव रमला नाही. जात्यावर बसले की माहेरची ओवी ओठांवर येई आणि डोळे भरून येत. सासूबाई काही म्हणत नसत, पण आजीलाच वाईट वाटे. मग शेजारची एक माळवी बाई डाळ भरडायला सोबत बसू लागली. ती माळवीत म्हणे, आजी मराठीत. दोघींना एकमेकींचे सारे शब्द कळत नसत. "पण जातं दोघींनी मिळून फिरवलं की हलकं जातं," आजी म्हणाली. "रडू यायचंच. फक्त आता एकटीला यायचं नाही."

आपल्या महाराष्ट्रातील बायकांनी जात्यावर किती गायले असेल याचा अंदाज यावा म्हणून सांगते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या आहेत. त्यांतील कितीतरी ओव्या माहेराच्या, आईच्या, भावाच्या वाटेकडे लागलेल्या डोळ्यांच्या आहेत. सासरी आलेली मुलगी ही आपल्या समाजातील सर्वांत जुनी प्रवासी. परदेशी गेलेल्या नातवाचे दुःख आजीला समजत नसेल असे मला वाटत होते. तिला ते माझ्यापेक्षा आधी कळले होते. म्हणूनच त्या दिवशी ती रागावली नाही. गप्प राहिली.

आपल्या संतांनीही माहेराची ही ओढ टाकून दिली नाही. त्यांनी पंढरीलाच माहेर म्हटले. आणि त्या माहेराला जायचे कसे? दिंडीत, टाळ-मृदंगाच्या साथीने, पुढच्याने म्हणावे आणि मागच्याने उचलावे असे गात. वारीत कुणी एकटा गात चालत नाही.

७. दादाचे उत्तर

आता दादाचे राहिलेले उत्तर सांगते.

गाणी बंद झाल्यावर महिनाभराने एका रविवारी त्याचा फोन आला. वेळ नेहमीची नव्हती. मागे भांड्यांचा आवाज येत होता. तो घाईत म्हणाला, "आजीला दे. पहिलं कडवं झालं की पुढची ओळ काय आहे?"

झाले होते असे की तो वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होता आणि नकळत गुणगुणत होता. शेजारी भात लावणाऱ्या एका तामीळ मुलाने विचारले, हे काय आहे? दादाने एक कडवे म्हणून दाखवले आणि पुढे अडला. त्या मुलाने तोवर टेबलावर ठेका धरला होता. थांबायची सोय नव्हती. म्हणून त्याने आजीला फोन लावला.

आजीला आता कमी ऐकू येते. त्यामुळे ती फोनवर मोठ्याने बोलते. तिने ती ओळ अशी खणखणीत म्हटली की आमच्या शेजारच्यांनाही ऐकू गेली. मग दादाने ती म्हटली. आजी म्हणाली, "चुकलं. परत म्हण." त्याने परत म्हटली. पंधरा मिनिटे हे चालले. त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावताना आजी पुन्हा गुणगुणली.

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात बहुतेक रविवारी चार-पाच जण जमतात. एकजण तामीळ गाणे म्हणतो, एक मुलगी तिच्या देशाचे, दादा आजीची ओवी. त्याचा जीव पूर्ण रमला आहे असे मी म्हणणार नाही. या दिवाळीलाही त्याला येता आले नाही आणि त्या रात्री फोन ठेवताना त्याचा आवाज जड झाला होता. पण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी त्यानेच एक मुद्रण पाठवले. पाच जणांच्या आवाजातली आजीची ओवी. आजीने मोबाइल कानाशी धरून तीन वेळा ऐकले आणि म्हणाली, "ताल पळतोय त्याचा. सांग त्याला."

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी आहे, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते. आधी सगळी नोंद एकाच बाजूला होत होती. आम्ही पाठवत होतो, तो घेत होता. आता दोन्ही बाजू भरू लागल्या आहेत.

८. आपण काय करू शकतो?

जे घरापासून दूर आहेत त्यांच्यासाठी:

• घरचे गाणे ऐकण्याआधी ते स्वतः म्हणा. आवाज चांगला असण्याची गरज नाही. दोन ओळी पुरेशा आहेत.

• रात्री झोपताना, एकट्याने, कानात घालून ऐकण्याची सवय असेल तर ती वेळ बदला. गाणे एखाद्या कामाला जोडा. स्वयंपाक, कपड्यांच्या घड्या, चालणे. आपल्या आजी-पणजींनी गाणे जात्याला जोडले होते ते उगीच नव्हे.

• एक तरी सोबती शोधा. तो मराठी असलाच पाहिजे असे नाही. ठेका धरता आला तरी पुरे.

• त्याचेही एक गाणे शिका. आपल्याला जशी ओढ आहे तशी त्यालाही आहे.

घरी राहिलेल्यांसाठी:

• केवळ पाठवू नका, विचारा. 'ही ओळ तुला आठवते का?', 'तू म्हणून दाखवतोस का?' असे विचारल्याने समोरच्याला देण्याची संधी मिळते.

• त्याने 'नको' म्हटले तर ते तुमच्या प्रेमाला 'नको' नसते. थोडे थांबा. दार लावून घेऊ नका.

• प्रत्येक फोनवर 'कधी येतोस?' हाच प्रश्न पहिला नसावा. 'आज कुणाबरोबर जेवलास?' हे विचारून पाहा.

एक सूचना महत्त्वाची आहे. काही आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, अभ्यास किंवा काम थांबले असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर केवळ गाण्यावर विसंबू नका. डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला लगेच भेटा आणि घरी मोकळेपणाने सांगा. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी अशी सोय असते. मदत मागण्यात कमीपणा नाही. बर्नच्या त्या विद्यार्थ्यालाही कुणीतरी वेळेवर घरी पाठवले म्हणूनच तो वाचला.

मननासाठी प्रश्न

१. मी घरापासून दूर असताना कोणत्या गाण्याने मला धीर दिला आणि कोणत्या गाण्याने अधिक व्याकूळ केले? त्या वेळी मी एकटा होतो की कुणासोबत?

२. माझ्या घरात बाहेरून आलेली कोणती व्यक्ती आहे, जिचे गाणे मी कधी ऐकून घेतले नाही? सून, वहिनी, घरकामाला येणाऱ्या ताई, शेजारी राहायला आलेला परप्रांतीय विद्यार्थी?

३. माझ्या घरातील असे कोणते गाणे आहे जे केवळ एकाच व्यक्तीला पाठ आहे?

या आठवड्याचा प्रयोग

तिसऱ्या प्रश्नाचे जे उत्तर येईल त्या व्यक्तीजवळ या आठवड्यात एकदा बसा. मोबाइल बाजूला ठेवा. गाणे मुद्रित करू नका, शिकून घ्या. एक कडवे तरी तोंडपाठ करा आणि त्यांना म्हणून दाखवा. मग दूर असलेल्या आपल्या माणसाला फोन करून दोन ओळी म्हणा आणि तिसऱ्या ओळीला थांबा. ती ओळ त्याला म्हणू द्या.

मी आजीची ओवी शिकते आहे. अजून माझाही ताल पळतो.